वर्गाबाहेरून मिळवलेली पदवी : एच. जी. वेल्स

दिवसा कंपनीत, दुकानात किंवा कुणाच्या तरी कार्यालयात राबायचे आणि रात्री पदवीची पुस्तके उघडायची, अशी मुले-मुली आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांना महाविद्यालयाच्या वर्गात बसायला मिळत नाही. परीक्षेचा अर्ज भरायचा, केंद्रावर जायचे आणि तीन तासांत स्वतःला सिद्ध करायचे, एवढेच त्यांच्या हाती असते. अशा विद्यार्थ्याला समाज दोन गोष्टी ऐकवतो. कुणी म्हणतो, कॉलेजचे तोंड न पाहता मिळवलेली पदवी ती कसली पदवी! कुणी म्हणतो, परीक्षा म्हणजे नुसती घोकंपट्टी, तिच्यात ज्ञान नसते. हे बोलणारे बहुधा स्वतः वर्गात बसून शिकलेले असतात.

या दोघांनाही उत्तर देणारे एक आयुष्य इंग्लंडमध्ये होऊन गेले. ‘टाइम मशीन’ आणि ‘इन्व्हिजिबल मॅन’ या कादंबऱ्यांमुळे एच. जी. वेल्स हे नाव जगाला माहीत आहे. आपल्या वाचकांना ते आणखी एका कारणाने जवळचे वाटेल. १९२० साली पुस्तकरूपाने पूर्ण झालेल्या ‘आउटलाइन ऑफ हिस्टरी’ या जगाच्या इतिहासात वेल्सने सम्राट अशोकाला जगातल्या साऱ्या राजेमहाराजांच्या वरचे स्थान दिले. पण हा लेखक एके काळी कापड दुकानातला पोरगा होता, त्याची आई बड्या घरची नोकर होती आणि त्याची पदवी वर्गाबाहेरून परीक्षा देऊन मिळवलेली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ती पदवी त्याने कशी मिळवली आणि त्या अभ्यासात काय राहून गेले, या दोन्ही गोष्टी आपल्या विद्यार्थ्यांनी समजून घ्याव्यात अशा आहेत.

हर्बर्ट जॉर्ज वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी लंडनजवळच्या ब्रॉम्ले गावी झाला. वडील जोसेफ आधी माळीकाम करीत. पुढे त्यांनी चिनी मातीची भांडी आणि क्रिकेटचे सामान विकणारे एक दुकान घेतले. ते कधी नीट चालले नाही. क्रिकेट खेळून मिळणाऱ्या पैशाचा घराला आधार होता. आई सारा लग्नापूर्वी एका श्रीमंत घरातील बाईची दासी होती. घराचे स्वयंपाकघर तळघरात होते, आणि तिथून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त बूट दिसत. १८७४ मध्ये मुलाचा पाय मोडला. अंथरुणावर पडून असताना वडील त्याला वाचायला पुस्तके आणून देऊ लागले आणि वाचनाचे वेड लागले ते कायमचे. १८७७ मध्ये वडिलांच्या मांडीचे हाड मोडले. क्रिकेट सुटले आणि ती मिळकतही गेली. १८८० मध्ये आई ससेक्स परगण्यातील अपपार्क या जमीनदारी वाड्यात नोकरांवर देखरेख करणारी हाउसकीपर म्हणून रुजू झाली. मुलाची शाळा संपली. तेव्हा तो चौदा वर्षांचाही नव्हता.

आईच्या मते मुलासाठी सगळ्यांत प्रतिष्ठेचा धंदा कापड दुकानातला. विंडसरच्या दुकानात त्याला गल्ल्यावर बसवले. हिशेब जुळेनात म्हणून परत पाठवले. मिडहर्स्ट गावी औषधाच्या दुकानात ठेवले. तिथे कळले की औषधविक्रेता व्हायला लॅटिन लागते. त्यासाठी तो गावच्या शाळेचे मुख्याध्यापक होरेस बायट यांच्याकडे लॅटिन शिकू लागला. मुलाची आकलनशक्ती पाहून बायट चकित झाले. पण औषधविक्रेता होण्याचा खर्च घराला झेपणारा नव्हता. म्हणून १८८१ मध्ये पुन्हा कापड दुकान, या वेळी साउथसी येथे. दिवसाला तेरा-तेरा तास उभे राहायचे, गठ्ठे वाहायचे, गिऱ्हाइकांपुढे वाकायचे आणि रात्री इतर उमेदवारांबरोबर एकाच खोलीत झोपायचे. सुमारे दोन वर्षे त्याने हे सोसले. मग एका रविवारी तो सतरा मैल पायी चालत आईकडे गेला आणि आपण हे काम करणार नाही असे सांगून मोकळा झाला. उमेदवारीसाठी आईने पैसे मोजले होते, ते बुडणार होते. तरी तो मागे हटला नाही.

आईच्या वाड्यात मालकांची पुस्तके अडगळीत पडलेली होती. हाउसकीपरच्या मुलाने ती उघडली. प्लेटोचे ‘रिपब्लिक’, व्हॉल्टेअर, टॉमस पेन त्याने तिथे वाचले. ज्या वाड्यात नोकरांनी मालकाच्या नजरेस पडू नये म्हणून जमिनीखालून भुयारी वाटा काढलेल्या होत्या, त्या वाड्यात नोकराचा मुलगा मानवी हक्कांवरचे पुस्तक वाचत होता. पुढे ‘टाइम मशीन’मध्ये जमिनीखाली राबणारे आणि वर सुखात राहणारे असे मानवजातीचे दोन तुकडे त्याने रंगवले, ते काही हवेतून आलेले नव्हते.

१८८३ मध्ये बायट यांनी त्याला आपल्या शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून बोलावले. इथून परीक्षेची खरी गोष्ट सुरू होते. विज्ञानाचे शिक्षण वाढावे म्हणून सरकारचे सायन्स अँड आर्ट डिपार्टमेंट त्या काळी देशभर परीक्षा घेत असे आणि जितके विद्यार्थी उत्तीर्ण होतील तितके अनुदान शिक्षकाला देत असे. बायट यांनी संध्याकाळचे वर्ग कागदावर सुरू केले. काही विषय त्यांना स्वतःलाही नीट येत नव्हते. वेल्सला त्यांनी पाठ्यपुस्तके दिली, बसायला जागा दिली आणि वेळ दिला. शिकायचे त्याचे त्याने. दिवसा तो मुलांना शिकवी, संध्याकाळी स्वतः शिके. १८८४ च्या परीक्षांत त्याने इतके चांगले यश मिळवले की लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये त्याला फुकट शिक्षण आणि आठवड्याला एक गिनी विद्यावेतन मिळाले. कापड दुकान सोडल्याला अजून वर्ष-दीड वर्षच झाले होते.

या काळातल्या त्याच्या अभ्यासाची छाया १९०० साली आलेल्या ‘लव्ह अँड मिस्टर लुईशॅम’ या कादंबरीत दिसते. तिचा नायक लहान गावातला तरुण शिक्षक आहे. आपल्या खोलीच्या भिंतीवर त्याने एक आराखडा लावला आहे. कोणत्या साली कोणती परीक्षा द्यायची, हे त्यात मांडले आहे. शेजारी दिवसाचे वेळापत्रक आहे. गजराच्या घड्याळावर तो पहाटे पाचला उठतो आणि शाळा सुरू होण्यापूर्वी अभ्यासाला बसतो. नोकरी करून शिकणाऱ्याने यातून एक गोष्ट घ्यावी. थकल्यावर उरलेला वेळ अभ्यासाला देऊन भागत नाही. दिवसातला ताजा तास आधी अभ्यासाच्या नावे करावा आणि बाकीचे त्याच्यानंतर बसवावे.

साउथ केन्सिंग्टनला पहिल्या वर्षी वेल्सला टॉमस हेन्री हक्सले यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकायला मिळाले. डार्विनच्या सिद्धांतासाठी धर्मगुरूंशी उघड लढलेला हा माणूस. ते वर्ष त्याने जीव ओतून काढले. दुसऱ्या वर्षी पदार्थविज्ञानात त्याचे मन रमेना. तिसऱ्या वर्षी भूशास्त्र होते. तोवर तो वादविवाद मंडळात, विद्यार्थ्यांच्या मासिकात आणि समाजवाद्यांच्या सभांत गुंतला होता. १८८७ च्या अंतिम परीक्षेत तो भूशास्त्रात नापास झाला आणि पदवीविना बाहेर पडला.

चळवळीत वावरणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. वेल्स सभांना गेला यात त्याची चूक नव्हती. त्या सभांनीच त्याला विचार दिला. चूक ही झाली की सभेला वेळ ठरलेली होती आणि अभ्यासाला नव्हती. मिडहर्स्टच्या भिंतीवरचा आराखडा लंडनमध्ये आल्यावर गळून पडला होता.

पुढची दोन वर्षे हालाची गेली. वेल्समधील एका सामान्य शाळेत त्याने नोकरी धरली. तिथे फुटबॉल खेळताना मूत्रपिंडाला मार बसला, मग थुंकीतून रक्त पडू लागले. क्षय झाला असे डॉक्टरांचे मत पडले. काही महिने तो आईच्या वाड्यात अंथरुणावर होता. १८८८ मध्ये लंडनला परतला तेव्हा खिसा रिकामा होता. जीवशास्त्राच्या आकृत्या काढून आणि शिकवण्या घेऊन दिवस काढले. १८८९ च्या सुरुवातीला किलबर्नच्या हेन्ली हाउस या छोट्या शाळेत त्याला शिक्षकाची नोकरी मिळाली. अशा स्थितीत त्याने पुन्हा पदवीचा विचार केला, कारण एक दार उघडे होते.

ते दार लंडन विद्यापीठाचे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही विद्यापीठे बरीच वर्षे इंग्लंडच्या अधिकृत चर्चला न मानणाऱ्यांना पदवी देत नसत. १८३६ मध्ये स्थापन झालेल्या लंडन विद्यापीठाने ही धर्माची अट ठेवली नाही. १८५८ मध्ये त्याने आणखी एक पाऊल टाकले. वैद्यकीय शाखा सोडता इतर पदव्यांसाठी अमुक कॉलेजात हजेरी लावली पाहिजे, ही अट काढली. कुठे शिकलात, कुणापाशी शिकलात, हे विचारणे बंद झाले. १८७८ मध्ये स्त्रियांनाही पदव्या खुल्या झाल्या. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे याच लंडनच्या नमुन्यावर, परीक्षा घेणारी संस्था म्हणून उभी राहिली. आपल्याकडे मात्र परीक्षेच्या दारापर्यंत पोहोचण्याआधी शाळेचे दारच बंद होते, हा फरक आपण विसरत नाही.

वेल्सने १८८९ मध्ये इंटरमीजिएट परीक्षा दिली आणि १८९० मध्ये बी.एस्सी.ची अंतिम परीक्षा. दोन्ही वेळा शिकवण्याचे काम चालूच होते. त्याने विषय कोणते निवडले ते पाहा. प्राणिशास्त्र घेतले, कारण हक्सलेंनी पाया पक्का करून ठेवला होता. आणि भूशास्त्र घेतले! ज्या विषयाने तीन वर्षांपूर्वी त्याला बाहेर काढले होते, तोच विषय. नापास झालेल्या विषयाचाही अर्धा अभ्यास झालेला असतो, तो टाकून नवीन विषय शून्यापासून धरण्यात वेळ जातो. निकाल लागला तेव्हा प्राणिशास्त्रात त्याला पहिल्या वर्गाचा आणि भूशास्त्रात दुसऱ्या वर्गाचा सन्मान मिळाला होता. याच सुमारास शिक्षकांसाठी असलेल्या कॉलेज ऑफ प्रिसेप्टर्सच्या परीक्षाही त्याने दिल्या आणि रोख बक्षिसे मिळवली. शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारात ही बक्षिसे मोलाची होती.

पदवीच्या सुमारास तो विल्यम ब्रिग्ज यांच्या युनिव्हर्सिटी कॉरस्पॉन्डन्स कॉलेजात शिकवू लागला. ही संस्था टपालाने धडे पाठवून लंडन विद्यापीठाच्या बाहेरून बसणाऱ्या विद्यार्थ्यांची तयारी करून घेत असे. तिचे विद्यार्थी म्हणजे नोकरी करणारे शिक्षक, कारकून, घरी बसून शिकणाऱ्या तरुणी. परीक्षेच्या अभ्यासाचे एक शास्त्रच तिथे बनले होते. ते आजही कामाचे आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, विद्यापीठाचा छापील अभ्यासक्रम हीच अभ्यासाची हद्द. तिच्याबाहेरचे वाचन परीक्षेनंतर. दुसरी गोष्ट, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका गोळा करून प्रश्नांची वर्गवारी करायची. परीक्षक बदलले तरी विषयातले महत्त्वाचे प्रश्न मर्यादितच असतात आणि ते फिरून फिरून येतात, हे त्यातून दिसते. तिसरी गोष्ट, अभ्यासक्रमाचे धडे पाडायचे आणि प्रत्येक धड्यानंतर पुस्तक मिटून उत्तरे लिहायची. चौथी गोष्ट, ती उत्तरे जाणकाराकडून तपासून घ्यायची. टपालाने वही जाई, लाल शाईने परत येई, आणि चूक पुन्हा लिहून सुधारावी लागे. पाचवी गोष्ट, जे हाताने करायचे ते हातानेच शिकायचे. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वेल्स प्रत्यक्ष विच्छेदन करायला लावी.

याच कामातून १८९३ मध्ये त्याचे ‘टेक्स्ट-बुक ऑफ बायॉलॉजी’ प्रसिद्ध झाले. जगप्रसिद्ध कादंबरीकाराच्या आरंभीच्या पुस्तकांपैकी हे एक, आणि ते परीक्षेला बसणाऱ्यांसाठी लिहिलेले आहे! पहिल्या भागात ससा, बेडूक, डॉगफिश आणि अँफिऑक्सस हे चार प्राणी घेतले आहेत. अभ्यासक्रमाने नेमलेले हे चार प्राणी नीट समजले की पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांची रचना एकमेकांशी ताडून पाहता येते. थोडे घ्यायचे, पण ते पक्के करायचे, ही त्या पुस्तकाची रीत आहे.

आपल्याकडे बहुसंख्य विद्यार्थी नेमके याच्या उलट करतात. पुस्तक तीनदा वाचतात आणि एकदाही लिहीत नाहीत. वाचताना सगळे येते असे वाटते, कारण उत्तर समोरच छापलेले असते. कोरा कागद समोर आला की खरे कळते. म्हणून परीक्षेपूर्वी निदान काही प्रश्नपत्रिका तरी घड्याळ लावून, पुस्तक मिटून सोडवल्याच पाहिजेत. जे आले नाही त्याचीच पुढच्या आठवड्यात उजळणी करावी. जे आले ते पुन्हापुन्हा वाचून मनाचे समाधान होते, गुण वाढत नाहीत.

या पद्धतीची उणीव वेल्सला माहीत होती. मे १८९३ मध्ये पुन्हा रक्त पडले आणि वर्गात शिकवणे त्याने सोडले. १८९४ मध्ये ‘नेचर’सारख्या शास्त्रीय साप्ताहिकात त्याने विज्ञानशिक्षणावर लेख लिहिले. ठरीव उत्तरे तोंडपाठ करून पदवी मिळते, पण प्रश्न विचारण्याची सवय त्यातून लागत नाही, याची जाणीव त्याला स्वतःच्या धंद्यातून झाली होती. तो स्वतः केवळ पुस्तकी राहिला नाही, कारण हक्सलेंच्या प्रयोगशाळेतले एक वर्ष त्याच्या पाठीशी होते.

परीक्षेत न विचारली जाणारी आणखीही एक गोष्ट असते. १९०१ च्या ‘अँटिसिपेशन्स’ या पुस्तकात याच वेल्सने गोऱ्या नसलेल्या माणसांविषयी अत्यंत तुच्छतेने लिहिले. पहिल्या वर्गातली विज्ञानाची पदवी त्याला या पूर्वग्रहापासून वाचवू शकली नाही. १९०५ च्या ‘अ मॉडर्न युटोपिया’त मात्र त्याने वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेवर टीका केली आणि १९४० मध्ये मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यासाठी पुस्तक लिहिले. माणूस सुधारला, पण ते शिक्षण त्याला कोणत्याही प्रश्नपत्रिकेने दिले नव्हते.

१९४३ मध्ये, सत्तरी केव्हाच ओलांडल्यावर, वेल्सने लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली. जगभर कीर्ती झालेल्या माणसाने प्रबंध लिहून परीक्षकांपुढे ठेवला. १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. त्याच विद्यापीठाची डी.एस्सी. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये मिळवली होती. त्यांचाही अभ्यास १९१७ मध्ये मध्येच तुटला, १९२० मध्ये ते स्वतः पैसे जमवून परत गेले, आणि प्रबंध पहिल्या वेळी मान्य न झाल्यावर पुन्हा सादर केला. वेल्स गेला त्याच १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्याची अडचण बाबासाहेबांना पुस्तकातून समजून घ्यावी लागली नव्हती.

आज परीक्षेतून शिक्षणाचे श्रेय देण्याची ही कल्पना जगभर पसरली आहे. अमेरिकेत १९६७ पासून क्लेप नावाच्या परीक्षा आहेत. विषय स्वतः शिका, दीड तासाच्या आसपासची परीक्षा द्या आणि २० ते ८० च्या मापात साधारण ५० गुण पडले की अनेक महाविद्यालये त्या विषयाचे क्रेडिट देतात. प्रत्येक महाविद्यालयाचा नियम वेगळा असतो, म्हणून आपल्याकडे ते धरले जाईल का हे आधी विचारून मगच अभ्यासाला लागावे लागते. आपल्याकडे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांक साठवण्याची व्यवस्थाही आली आहे. अर्ज भरण्यापूर्वी कोणते श्रेयांक कुठे धरले जातात हे लेखी विचारून घ्या, हा सल्ला इथेही तितकाच लागू आहे.

पण एक धोका ओळखून असले पाहिजे. घरी बसून परीक्षा देता येते, मग महाविद्यालये कशाला, वसतिगृहे कशाला, शिष्यवृत्ती कशाला, असे उद्या सत्ताधारी म्हणू लागतील. त्यांना वेल्सचेच आयुष्य दाखवावे. आठवड्याला एक गिनी विद्यावेतन मिळाले नसते तर कापड दुकानातला तो पोरगा हक्सलेंच्या प्रयोगशाळेत पोहोचला नसता आणि पुढची बाहेरून दिलेली परीक्षाही त्याला जड गेली असती. परीक्षेचे दार उघडे हवे आणि वर्गाचेही. एकाच्या मोबदल्यात दुसरे सोडायचे नाही.

आणि आपल्या बाजूने काय करायचे? ब्रिग्जच्या संस्थेत पैसे घेऊन जे चाले ते आपल्या वस्तीत बिनपैशाने चालू शकते. विहारात किंवा वाचनालयात एक टेबल ठेवा. त्यावर मुक्त विद्यापीठाच्या मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका विषयवार लावून ठेवा. वस्तीतले शिक्षक, प्राध्यापक आणि शिकून नोकरीला लागलेले तरुण यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ येऊन लिहिलेली उत्तरे तपासून द्यावीत. पहिली पाळी करून आलेल्या मुलाला, घरकाम आटोपून आलेल्या मुलीला भाषणापेक्षा या लाल शाईची गरज जास्त आहे. जयंतीच्या वर्गणीतून एवढे एक टेबल उभे राहणे अवघड नाही.